ज्याचं दुखणं त्याच्या तोंडून

प्रिय भाचीस,


मुखेड तालुक्यात पाण्यासाठी झटणाऱ्या तुमच्या गटाचं म्हणणं लोकांपर्यंत पोचत नाही, असं तू लिहिलंस. निवेदनं दिली, तहसीलसमोर धरणं धरलं, मोबाइलवर ग्रुप काढला, तरी गाव जागचं हललं नाही. याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. शेजारच्या लातूर जिल्ह्यात ते एकदा सापडलेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे थर चढवलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पार उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत आहे तीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. तिथे खरी अडचण आली. दगडाची भीती मनात बसलेली. अनुदानाचा हप्ता कधी मिळणार, भिंतीला पट्टा कशासाठी घालायचा, हे सगळं सरकारी कागदात होतं, पण चुलीपर्यंत आलेलं नव्हतं.

ते चुलीपर्यंत नेण्याचं काम बायकांनी केलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या घरोघर गेल्या, बांधकामाचे नियम आपल्या बोलीत समजावले, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. सांगणारी त्याच गावची, त्याच धक्क्यातून गेलेली. म्हणून लोकांनी ऐकलं.

कार्यकर्त्याने माईक सोडायला शिकायचं ते इथे. तुमच्या सभेत घागर वाहणाऱ्या बाईला बोलू द्या. पाण्याला किती तास जातात, टँकर कोणत्या तारखेला आला, कोणत्या वस्तीला चुकला, हे तिनेच सांगावं. ते सगळं तारीखवार वहीत उतरवा आणि माहितीच्या अधिकारात टँकरच्या फेऱ्यांची नोंद मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. वहीतली तारीख आणि सरकारी नोंद जुळली नाही, की बातमी तयार.

बातमी मिळवणं अवघड नाही, टिकवणं अवघड. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरच्या वाहिन्या धावल्या आणि थोड्या दिवसांनी परतल्या. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र रुंद आणि खोल करायला घेतलं. कॅमेरा येतो तेव्हा काय मागायचं आणि गेल्यावर काय करायचं, दोन्ही आधी ठरलेलं हवं.

चिकाटीचा धडा त्याहून जुना आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८मध्ये पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. निजामाने आपल्या राज्यात त्यावर बंदी घातली, तर अंक नवं नाव घेऊन निघाला. पुन्हा बंदी आली, पुन्हा नाव बदललं. वाचकाला मजकुराची ओळख पटलेली होती, त्यामुळे मथळ्यावरचं नाव बदलल्याने काही अडलं नाही.

तुमच्यावर तशी बंदी नाही. नांदेडात ‘प्रजावाणी’ आहे, लातुरात ‘एकमत’ आहे, नांदेडचं आकाशवाणी केंद्र आहे. वार्ताहराला चार पानी पत्रक देऊ नका. गाव, तारीख, आकडा, मागणी आणि अधिकाऱ्याचं म्हणणं, एवढं दहा ओळींत बसवा. आणि जिथे माणसं आपणहून जमतात तिथे जा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हलगी वाजवून केलेलं कलापथक जितक्या लोकांपुढे जाईल, तितकी माणसं तहसीलच्या दारात कधी जमणार नाहीत.

एक पथ्य मात्र कडक पाळा. न तपासलेला आकडा कुणाच्याही तोंडी घालू नका. एक खोटा निघाला की बाकीचे नऊ खरे असूनही त्या बाईला गावात मान खाली घालावी लागते.

१ मेच्या ग्रामसभेआधी वही पूर्ण करा. तिची एक प्रत वार्ताहराला, एक गटविकास अधिकाऱ्याला द्या, आणि ठराव मांडायला त्या बायांपैकीच कुणाला तरी उभं करा.

तुझा,
मामा