स्वस्त प्लॅस्टिकचे डबे : माल कसा पारखावा?

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, सोलापूर, कुठल्याही आठवडे बाजारात जा, कापडाच्या गाठोड्यांइतकीच गर्दी आता प्लॅस्टिकच्या डब्यांभोवती असते. पाच किलो पिठाचा डबा, मसाल्याच्या बरण्या, कपडे ठेवण्याची चाळीस लिटरची पेटी. दहा-पंधरा हजारांच्या भांडवलावर सुरू करता येण्यासारखे जे थोडे धंदे उरले आहेत, त्यांत हा एक आहे. यंत्रमागावरचे काम सुटलेले तरुण आणि बचत गटातल्या आपल्या भगिनी या धंद्याकडे वळत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु भांडवल लहान असते तेव्हा एकच खराब लॉट पुरे होतो. दोन डझन झाकणे तडकून परत आली की नफा तर जातोच, मोहल्ल्यातली पतही जाते. शिवाय त्या डब्यात ज्या घरी लोणचे आणि तेल भरले जाते, त्या घराच्या आरोग्याचा प्रश्न वेगळाच. म्हणून हा माल कसा पारखावा, याविषयी काही गोष्टी वाचक बंधु-भगिनींसमोर मांडत आहे. मी कापडाचा व्यापारी, हे खरे. पण कापडातली आणि प्लॅस्टिकमधली लबाडी एकाच घराण्यातली आहे, हे पुढे लक्षात येईल.

पहिली गोष्ट अशी की हा माल बनतो किलोवर आणि विकला जातो नगावर. कारखानदार प्लॅस्टिकचा दाणा किलोच्या भावाने घेतो, तो वितळवून साच्यात दाबतो आणि डबा बाहेर काढतो. दमण, सिल्वासा, वसई अशा भागांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. खर्चाचा मोठा भाग दाण्याचा असतो. तेव्हा डबा स्वस्त करायचा तर दोनच सोपे मार्ग उरतात. दाणा कमी घालायचा, म्हणजे भिंत पातळ करायची, किंवा दाणा हलका वापरायचा. आकार, रंग आणि चकाकी तशीच राहते. गिऱ्हाईक आकार आणि चकाकी पाहते, दुकानदार भाव पाहतो, आणि तराजू कोणीच काढत नाही.

समजा, वीस लिटरच्या दोन पेट्या समोर आहेत. एक १४० रुपयांची, दुसरी १२०. दिसायला सारख्याच. तराजूवर ठेवल्या तर पहिली ७०० ग्रॅम भरली, दुसरी ५२०. आता हिशेब करा. पहिली ग्रॅमला २० पैसे पडली, दुसरी २३ पैसे. म्हणजे वीस रुपयांनी ‘स्वस्त’ वाटणारी पेटी प्रत्यक्षात महाग आहे, आणि वर ती लवकर फुटणार. घाऊक खरेदीला जाताना खिशात छोटा स्प्रिंगचा किंवा बॅटरीचा काटा ठेवावा. व्यापाऱ्याला राग येत असेल तर येऊ द्या. एकाच गोणीतले तीन-चार नग वेगवेगळ्या थरांतून काढून तोलावेत, कारण वरच्या थरात चांगला माल मांडण्याची रीत आपल्या बाजारात जुनीच आहे.

मापाचेही तसेच. ‘दहा लिटर’ म्हणून विकला जाणारा डबा काठोकाठ भरला तर दहा लिटरचा असतो, झाकण लावून नव्हे. काही वेळा दहा आणि वीस हे केवळ साच्याचे नंबर असतात, लिटरशी त्यांचा संबंध नसतो. पाणी भरून तोलावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब आहे.

पण नुसत्या वजनावर भरवसा ठेवला तरी फसगत होते, आणि माझ्या मते या धंद्यातला खरा धडा इथेच आहे. प्लॅस्टिकच्या दाण्यात खडूची भुकटी मिसळता येते. बाजारात तिला ‘फिलर’ म्हणतात. ती दाण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि वजनाला जवळजवळ तिप्पट. म्हणजे वजन वाढते, किंमत घटते, आणि हातात घेतल्यावर डबा भारदस्त लागतो. कापडवाल्यांना हे नवीन नाही. विरळ विणीच्या कोऱ्या कापडाला जाड खळ आणि चिनी माती चढवली की ते हाताला भरीव लागते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि मच्छरदाणी उरते. म्हणून जुने व्यापारी कापडाचा तुकडा दोन मुठींत धरून चोळत आणि भुकटी किती झडते ते पाहत. प्लॅस्टिकची खळ चोळून निघत नाही. तिला पाणी दाखवावे लागते.

ती परीक्षा अशी. घरगुती डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीन (व्यापारी ‘पी.पी.’ म्हणतात) किंवा एच.डी.पी.ई. या जातीचे असतात. या दोन्ही जाती पाण्याहून हलक्या आहेत. एक लिटर जागेत पाणी १००० ग्रॅम मावते, तर पी.पी. साधारण ९०० ग्रॅम आणि एच.डी.पी.ई. ९५० ग्रॅमच्या आसपास. म्हणून शुद्ध मालाचा तुकडा पाण्यावर तरंगला पाहिजे. पी.पी.मध्ये सुमारे १५ टक्क्यांच्या वर फिलर गेला, किंवा एच.डी.पी.ई.मध्ये सात-आठ टक्क्यांच्या वर, की तुकडा बुडू लागतो. आख्खा डबा पाण्यात सोडू नये, तो होडीसारखा तरंगणारच. फुटक्या नगाचा तुकडा घ्यावा, नसेल तर झाकण उभे धरून पूर्ण बुडवावे आणि सोडावे. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून तुकड्याला वर ओढणार नाहीत. वर आला तर ठीक. तळाशी गेला तर व्यापाऱ्याला विचारा, ‘चाचा, यात फिलर किती टक्के आहे?’ प्रश्न ऐकूनच भाव थोडा खाली येतो, असा अनुभव आहे.

एक खुलासा केला पाहिजे. फिलर घालणे हा मुळात गुन्हा नाही. खुर्चीला किंवा कचऱ्याच्या टोपलीला ताठपणा यावा म्हणूनही तो घालतात. मात्र फिलरचा माल शुद्ध दाण्याच्या भावाने देणे ही खोट आहे. दुसरे असे की ही परीक्षा पारदर्शक कडक डब्यांना लागू नाही. ते पॉलिस्टायरीनचे असोत की ‘पेट’चे, शुद्ध असले तरी पाण्यात बुडतातच.

जात ओळखण्यासाठी डबा उलटा करावा. तळाशी त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केली. १ म्हणजे पेट, २ एच.डी.पी.ई., ३ पी.व्ही.सी., ४ एल.डी.पी.ई., ५ पी.पी., ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे इतर सर्व. स्वयंपाकघरासाठी २ आणि ५ बरे. १ नंबरच्या बरणीत सुका माल ठेवावा. सत्तर अंशांच्या पुढची उष्णता तिला सोसत नाही, आणि कढत तेल ओतले की ती आकसते. ६ नंबरचा डबा काचेसारखा सुंदर दिसतो आणि काचेसारखाच तडकतो. लहान मुले असलेल्या घरी तो विकू नये. परंतु लक्षात ठेवा, हा आकडा केवळ जात सांगतो. ५ लिहिले म्हणजे डबा अन्नासाठी योग्य झाला, असे अजिबात नाही. साच्यावर आकडा एकदा कोरला की त्यात शुद्ध दाणा ओता किंवा भंगाराचा, आकडा तोच उमटतो.

आता भंगाराच्या दाण्याविषयी. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये जाऊन पाहिलेल्यांना ठाऊक आहे की जुन्या बादल्या, तेलाचे डबे, औषधांच्या बाटल्या फोडून, धुऊन, वितळवून पुन्हा दाणा तयार होतो. या कामावर आपल्या हजारो गरीब बांधवांच्या चुली पेटतात आणि शहराचा कचराही कमी होतो. त्या दाण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. टोपली, कुंडी, कपड्यांची पेटी, अवजारांचा डबा यांसाठी तो खुशाल वापरावा. प्रश्न येतो तो अन्नाचा. आधीच्या जन्मात त्या प्लॅस्टिकमध्ये कीटकनाशक होते की इंजिन ऑइल, हे कोणी सांगू शकत नाही. जुन्या टीव्ही-संगणकांच्या काळ्या खोक्यांत आग रोखणारी रसायने असतात आणि तीही काळ्या मिश्र दाण्यात उतरू शकतात. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि डबे खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई केली होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतही ती मनाई होती. पुढे दुरुस्ती होऊन, ठरलेल्या मानकांनुसार शुद्ध केलेल्या मालाला वाट मिळाली. पण गल्लीतला मिश्र दाणा काही त्या मानकांना उतरलेला नसतो.

तो ओळखायचा कसा? रंग पाहा. मिश्र दाण्याचा रंग मळकट येतो, म्हणून तो काळा, गडद तपकिरी, गडद हिरवा किंवा मरून करून विकतात. डबा उजेडासमोर धरला तर ठिपके आणि लाटा दिसतात. गडद रंगाचा प्रत्येक डबा वाईट नसतो, पण दुधी किंवा नैसर्गिक फिकट रंगात लपवाछपवी अवघड जाते. त्यानंतर वास. झाकण लावून डबा तासभर उन्हात ठेवा, मग उघडून लगेच नाक लावा. शुद्ध मालाला जवळपास वास नसतो, किंवा मेणबत्तीसारखा मंद वास येतो. रॉकेल, साबण, औषध किंवा जळकट वास आला तर त्यात पीठसुद्धा भरू नये. काही व्यापारी काठ जाळून वास घेतात. ते करू नका, पी.व्ही.सी. असेल तर तिचा धूर छातीला घातक असतो.

अन्नाच्या डब्यावर पेला आणि काट्याची खूण, कारखान्याचे नाव आणि पत्ता असावा. पी.पी.साठी भारतीय मानक आय.एस. १०९१०, पॉलिथिनसाठी आय.एस. १०१४६ आणि रंगांसाठी आय.एस. ९८३३ आहे. घाऊक व्यापाऱ्याकडे या नंबरांची विचारणा करावी. ज्याच्याकडे पक्के बिल नाही आणि डब्यावर कारखान्याचे नाव नाही, त्याच्याकडून अन्नाचा डबा घेऊ नये, भाव कितीही गोड असो.

बाकीची परीक्षा हातांनीच होते. तळाच्या मध्यावर एक बारीक टिंब असतो, तेथून वितळलेला दाणा साच्यात शिरतो. त्याच्याभोवती केसासारखी भेग असेल तर डबा तेथूनच फुटणार. कोपरे अंगठ्याने दाबा, पातळ माल कोपऱ्यातच हरतो. भिंत वाकवून सोडा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर फिलर किंवा मिश्र माल असण्याचा संभव आहे. काठावर बोट फिरवा, धारदार कंगोरा लागला तर साचा झिजलेला आहे आणि झाकणे नीट बसणार नाहीत. एका डब्याचे झाकण दुसऱ्या डब्यावर बसवून पाहा. घट्ट झाकणाच्या डब्यात पाणी भरून उलटा धरा. हे सर्व करायला प्रत्येक नमुन्यास पाच मिनिटे पुरतात.

कपड्यांच्या पेट्यांविषयी मात्र थोडे सविस्तर, कारण तो माझा विषय आहे. पांढरे कुर्ते, चादरी, इहरामची वस्त्रे प्लॅस्टिकमध्ये महिनोन्‌महिने ठेवली की घड्यांवर पिवळे पट्टे येतात आणि घरचे लोक धोब्याला दोष देतात. बऱ्याचदा कारण प्लॅस्टिकमध्येच असते. ते टिकावे म्हणून बी.एच.टी. नावाचे एक रसायन घालतात. ते हळूहळू बाहेर पडते, कापडात शिरते आणि हवेतल्या धुराच्या वायूंशी मिळून पिवळा रंग तयार करते. हा डाग पुष्कळदा उन्हात फिका पडतो, तेव्हा घाईने तीव्र ब्लीच टाकू नये. पांढरा आणि जरीचा कपडा आधी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावा, मग पेटीत ठेवावा. डांबरगोळ्या पारदर्शक कडक पेटीत टाकू नयेत, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ आणि चिकट होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. आणि कपडा पूर्ण सुकल्याशिवाय घट्ट झाकण लावाल तर पावसाळ्यात बुरशी ठरलेलीच.

विक्रीबाबत एक शब्द. मालातला ऐब माहीत असून तो न सांगता विकणे आपल्या शरीअतमध्ये नाजायज आहे, आणि ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क, ज्याला फिकहमध्ये ‘खयार-ए-ऐब’ म्हणतात, तो गिऱ्हाइकाला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला ओलावा बोटांना लागला. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. डब्यांच्या दुकानात तिचा अमल अगदी सोपा आहे. अन्नाचे डबे एका बाजूला मांडावेत, भंगाराच्या दाण्याचे दुसऱ्या बाजूला, आणि तिथे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहावे, ‘कपडे व सामानासाठी, खाण्याच्या वस्तूंसाठी नाही’. भाव थोडा कमी मिळेल, पण परत येणारा माल जवळपास बंद होईल.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या खेपेला एका जातीचे दोन डझनच नग घ्यावेत. तोललेले वजन बिलाच्या मागे लिहून घ्यावे आणि एक नग न विकता जवळ ठेवावा. दुसऱ्या खेपेला माल आला की तो जुना नग काट्याच्या एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला. भाव तोच ठेवून वजन उतरवण्याची कला या धंद्यात फार सफाईने चालते, आणि ती पकडायला त्या एका नगाची किंमत काहीच नाही. साठा गच्चीवर किंवा पत्र्याखाली उन्हात ठेवू नये. पी.पी. उन्हाने ठिसूळ होते, आणि उन्हाळाभर तापलेला डबा गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावरच तडकतो.