आधी तपासणी, मग गोळी

मी जन्माने सातारा जिल्ह्यातली, पोटापाण्यासाठी सांगलीत स्थिरावलेली पारलिंगी स्त्री. माझ्या पेशींमध्ये 46 ऐवजी 47 गुणसूत्रं आहेत: दोन एक्स आणि एक वाय. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. हॅरी क्लाइनफेल्टर या अमेरिकी डॉक्टरांनी 1942 साली त्याची लक्षणं मांडली आणि जास्तीचं एक्स गुणसूत्र 1959 साली सापडलं. मुलगा म्हणून नोंदलेल्या साधारण पाचशे ते हजार बाळांमागे एकाला ही अवस्था असते. त्यातले बहुतेक जण पुरुष म्हणूनच जगतात, त्यात त्यांना काही खुपत नाही. माझ्यासारख्या काही जणी मात्र स्त्री असतात. अशा मुली हार्मोनबद्दल विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

1. मैत्रिणीने दिलेली गोळी घेऊ नका.
आमच्यात पहिली गोळी बहुधा मैत्रिणीच्या पर्समधून येते आणि ती माला-डी असते. तिच्यात 0.03 मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडिओल आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं. गर्भनिरोधासाठी ती गोळी ठीक आहे. पण त्यातल्या एस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून पारलिंगी स्त्रियांनी ते घेऊ नये असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. छाती लवकर भरावी म्हणून काही पोरी दिवसाला तीन-चार गोळ्या खातात. त्याने छाती लवकर भरत नाही, जिवाचा धोका तेवढा वाढतो. उपचारासाठी शरीर स्वतः बनवतं तसंच एस्ट्राडिओल देतात, आणि तेही रक्त तपासून. टेस्टोस्टेरॉन, एस्ट्राडिओल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, साखर, यकृत आणि किडनी, एवढं सुरुवातीलाच बघून घ्या.

2. गुणसूत्रांचा रिपोर्ट उपचाराला दिशा देतो, स्त्रीपण ठरवत नाही.
वयात येताना वृषण लहानच राहिले असतील, औषधाशिवाय छाती वाढली असेल किंवा एलएच-एफएसएच खूप चढलेले असतील, तर डॉक्टरांना कॅरियोटाइपबद्दल विचारा. साधं शिरेतलं रक्त घेतात, प्रयोगशाळेत पेशी वाढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजतात. रिपोर्टला काही आठवडे लागतात. काहींच्या थोड्या पेशींत 46 आणि थोड्यांत 47 गुणसूत्रं निघतात.

कित्येक मुली या कागदाकडे डोळे लावून बसतात. काहीतरी वेगळं निघालं तर घरचे ऐकतील, अशी त्यांना आशा असते. रिपोर्टमध्ये साधं एक्स-वाय आलं की त्या खचतात. त्यांना मी बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस ललित साळवे यांची गोष्ट सांगते. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं, आणि 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पण आपण पुरुष आहोत हे त्यांना त्या रिपोर्टच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. सर्वोच्च न्यायालयानेही 15 एप्रिल 2014च्या नालसा निकालात माणसाची लिंगओळख त्याच्या स्वतःच्या जाणिवेवर सोपवली. तुमचा रिपोर्ट एक्स-वाय असो की एक्स-एक्स-वाय, तुम्ही तितक्याच स्त्री आहात.

3. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनला स्पष्ट नाही म्हणा.
हा धडा सगळ्यात महत्त्वाचा. क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देणं हा वैद्यकातला रुळलेला उपचार आहे, आणि पुरुषाला तो उपयोगीही पडतो. त्यामुळे रिपोर्ट बघताच डॉक्टर तेच लिहून देतात. माझ्याही बाबतीत तसंच झालं. घरच्यांना केवढा आनंद झाला होता, आता दाढी येईल, आवाज फुटेल, लग्न होईल! मला तो कागद बघून रडू कोसळलं. टेस्टोस्टेरॉनने घोगरा झालेला आवाज औषध थांबवलं तरी पूर्ववत होत नाही. म्हणून केसपेपर हातात घेतानाच सांगा: “डॉक्टर, मी स्त्री म्हणून जगते, मला एस्ट्रोजेन हवं आहे.” त्यांनी ऐकलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पण दोन्ही हार्मोनांवाचून वर्षानुवर्षं राहू नका.

4. दाबण्यासारखं टेस्टोस्टेरॉन आहे का, ते आधी बघा.
एस्ट्रोजेनसोबत स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन द्यायची पद्धत आहे, टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखण्यासाठी. पण आमच्यापैकी अनेकींचं टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असतं. मग ते औषध थोडंच लागतं, कधी लागतही नाही. मैत्रिणीची चिठ्ठी मेडिकलवर दाखवून तिच्याच गोळ्या आणणं म्हणूनच धोक्याचं. तज्ज्ञ साधारणपणे टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि एस्ट्राडिओल 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवायला बघतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात.

स्पायरोनोलॅक्टोनने लघवी वाढते, रक्तदाब उतरतो आणि रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. जत-आटपाडीकडच्या उन्हाळ्यात नारळपाण्यावर दिवस काढणाऱ्या बाईने हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. एसटी स्टँडच्या बायकांच्या मुतारीत आपल्याला कुणी जाऊ देईल का, या भीतीने आमच्या मुली पाणीच पीत नाहीत. हे औषध चालू असताना तसं करू नका.

5. एका पायाची पोटरी सुजली तर थांबू नका.
क्लाइनफेल्टर असलेल्यांना रक्तात गुठळी होण्याचा धोका साधं एक्स-वाय असलेल्यांपेक्षा मुळातच जास्त असतो. त्यात तोंडाने घ्यायच्या एस्ट्रोजेनची भर पडते. म्हणून डॉक्टरांना त्वचेला लावायच्या जेलबद्दल विचारा. ते यकृतातून न जाता थेट रक्तात उतरतं, त्यामुळे गुठळीचा धोका कमी असतो. विडी-सिगारेट सोडा. घरात कुणाला गुठळी झाली असेल तर ते सांगा. सांगलीहून मुंबईला जाताना वाटेत उतरून चार पावलं चाला. एकच पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली, तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि कोणती गोळी चालू आहे ते न लाजता सांगा.

6. निर्वाणानंतर हार्मोन सोडू नका.
निर्वाणात वृषण काढल्यावर शरीराचा हार्मोनचा मोठा झरा बंद होतो. आता काही घ्यायची गरज नाही असं आमच्यातल्या अनेक जणी समजतात, आणि पुढे त्यांची हाडं ठिसूळ होतात. क्लाइनफेल्टरमध्ये कमी टेस्टोस्टेरॉनमुळे हाडं आधीच कमकुवत असू शकतात. एस्ट्रोजेन हाडांना आधार देतं. डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा आणि ड जीवनसत्त्वही बघून घ्या.

7. इंटरसेक्स म्हणजे एकच अवस्था नव्हे.
जन्मतःच शरीराची लिंगलक्षणं वेगळी असण्याच्या अनेक अवस्थांना मिळून इंटरसेक्स म्हणतात; माझी त्यातली एक. म्हणून माझा सल्ला दुसरीला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. अँड्रोजेनला शरीर दादच देत नाही अशी एक अवस्था आहे. तिच्यात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही त्याचा परिणाम थोडा किंवा शून्य असतो, आणि पोटात राहिलेल्या वृषणांवर डॉक्टरांना नजर ठेवावी लागते. जन्मजात अॅड्रिनल विकारात कॉर्टिसोल कमी पडतं. त्याची गोळी अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो. अशा मुलीने हार्मोन सुरू करताना ती गोळी कधीच सोडू नये.

आणि तान्ह्या बाळाचं अंग वेगळं दिसलं म्हणून जिवाला धोका नसताना घाईने शस्त्रक्रिया करून घेऊ नका. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2019 साली तमिळनाडूने अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. महाराष्ट्रानेही ती घालावी.

8. बाळाचा विचार आधी करा.
क्लाइनफेल्टरमध्ये वीर्यात बहुधा शुक्राणू नसतात, तरी काहींच्या वृषणातून ते सूक्ष्म शस्त्रक्रियेने मिळतात. एस्ट्रोजेन सुरू झाल्यावर ही शक्यता आणखी घटते. मूल हवं असेल तर पहिल्या गोळीआधी बोला.

9. एकटीने सोसू नका.
आमच्याकडे वेगळ्या अंगाचं पोर यल्लम्माला सोडायची रीत होती. सौंदत्तीच्या आणि जतच्या जत्रेत परडी घेतलेले जोगते आजही दिसतात. ज्यांना घराने टाकलं त्यांना देवीच्या दारात जागा मिळाली, म्हणून त्या दाराविषयी मला आदर आहे. भंडारा लावा, उपास करा, पण औषध चुकवू नका.

सांगलीत संग्राम ही संस्था 1992पासून काम करते आहे, आणि मुस्कान ही तृतीयपंथीयांची संघटनाही तिथेच उभी राहिली. कराड तालुक्यातल्या आर्या पुजारी पोलीस भरतीसाठी लढल्या. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी भरतीचे नियम करायला सरकारला सांगितलं. औषधोपचाराचा हक्कही असाच मागावा लागेल. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या 2019च्या कायद्याच्या कलम 15ने हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात हार्मोन उपचाराची ओपीडी आठवड्यातून एक दिवस जरी नियमाने चालली, तरी पुण्या-मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून माला-डी खाणाऱ्या किती तरी मुली वाचतील.

मुलींनो, गोळी तोंडात टाकण्याआधी रक्त तपासून घ्या. आईबापांनो, त्या दिवशी लेकीबरोबर दवाखान्यात जा. आणि डॉक्टरांनो, रिपोर्ट वाचण्याआधी समोर बसलेल्या बाईला तिचं नाव विचारा.