दुकानात राखाडी, घरी निळा

प्रश्न : शीव कोळीवाड्यात गल्लीत आमचं तळमजल्याचं घर आहे. समोरच्या घराची भिंत निळी, आणि मधली वाट जेमतेम दोन माणसं जातील एवढी. शेडकार्डावरचा अगदी साधा राखाडी निवडून हॉलला लावला, तर तो चक्क निळा दिसतो. दुकानदार म्हणतो, डब्यात काही चूक नाही. मग हा निळा आला कुठून? राखाडीचा नाद सोडावा का?

उत्तर : नाद अजिबात सोडू नका. दुकानदारही खरंच बोलतोय.

लाल भिंत प्रकाशातला लाल परत पाठवते आणि बाकीचे रंग बरेचसे गिळते. राखाडी भिंत सगळेच रंग साधारण सारख्या प्रमाणात परतवते, म्हणून प्रकाशात जे मिसळलेलं असेल ते तिच्यावर लगेच उमटतं. तुमच्या गल्लीत थेट ऊन उतरत नसणार. खिडकीतून येतो तो बराचसा प्रकाश आधी समोरच्या निळ्या भिंतीवर आदळून येतो. पावसाळी आभाळाचा उजेडही निळसरच. त्यात घरात पांढरी ट्यूब असेल, तर ती बहुधा 6500 केल्विनची, म्हणजे निळसर उजेडाची; त्यामुळे रात्रीही सुटका नाही.

शेजारच्या वस्तूंचाही यात हात असतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिच्यांचा काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर रंग पक्का होता; बाजूच्या धाग्यांमुळे डोळ्याला तो तसा भासत होता. यावर त्यांनी 1839 साली मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. तुमच्या हॉलमध्ये नारिंगी पडदे किंवा सोफा असेल, तर राखाडी आणखी निळा भासेल.

तेव्हा आधी दिवा बदला, भिंत नंतर. 3000 ते 4000 केल्विनचा एलईडी लावून काही संध्याकाळी नीट पाहा. कदाचित तेवढ्यानेच भागेल. दिवसाचा निळेपणा तरीही खटकला, तर दुसरा राखाडी काढा. पांढऱ्या बेसमध्ये नुसता काळा टाकला की रंग बहुधा निळ्याकडे झुकतो. ज्यात थोडा पिवळा किंवा गेरूसारखा तांबडा पडतो, असा उबदार राखाडी मागा. आणि फिकाच घ्या. डोळ्याला मध्यम वाटणारा राखाडी प्रत्यक्षात जेमतेम 18 टक्के प्रकाश परतवतो. गल्लीतल्या खोलीला ते परवडणारं नाही. शेडची एलआरव्ही, म्हणजे ती किती टक्के प्रकाश परतवते तो आकडा, विचारा; साठच्या वरची असू द्या. छत मात्र पांढरंच ठेवा.

शेडकार्डाच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नका. दोन फुटांच्या पुठ्ठ्याला दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि तो सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहा. दार निळं किंवा हिरवं असेल तर ते तसंच राहू द्या. कोळीवाड्यातले ठसठशीत रंग शांत भिंतीशेजारी फार खुलतात, आणि राखाडी लावायचं मला तरी हेच सर्वांत मोठं कारण वाटतं.

तळमजल्याला एक काळजी जास्त घ्यावी लागते. ओलीने फुटणारा खार पांढरा असतो, तो राखाडीवर लांबून दिसतो. जमिनीलगतची भिंत पावसाळ्यानंतर पूर्ण सुकू द्या, खार कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि मगच प्रायमर लावा. ओल खालून सतत चढत असेल, तर रंगाऱ्याच्या आधी गवंड्याला बोलवा.