भांडणात साक्षीला उभी केलेली लेक

आईवडिलांच्या कलहाचा मुलीच्या मनावर होणारा परिणाम भांडणे किती झाली यापेक्षा त्या भांडणांत तिला कोणती जागा दिली गेली यावर अधिक अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत असून ते आर्णी परिसरातील अशाच एका घरात लेक म्हणून काढलेल्या वर्षांतून बनलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतो. पेरणीसाठी काढलेले कर्ज, पावसाने दिलेली ओढ आणि कापसाचा चुकारा हाती येताच तो आधी कोणाला द्यायचा हा प्रश्न, यांवरून नवरा-बायकोत वाद होणे येथे नवलाचे नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात तो मुलांच्या कानावर न पडणे शक्यही नाही. मात्र आवाज चढला की मुलगा चौकात निघून जातो. मुलीला दिवेलागणीनंतर बाहेर पडण्याची मुभा नसते, म्हणून ती धाकट्या भावंडाला घेऊन आतच थांबते आणि सारे निवेपर्यंत जागी राहते.

पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘भावनिक सुरक्षितते’च्या सिद्धान्तानुसार मूल भांडणाच्या विषयापेक्षा हे घर टिकेल काय, आपल्याला कोण सांभाळेल, याचा अंदाज घेत असते, हा अंदाज रोज घ्यावा लागला की मन कायम पहाऱ्यावर राहते, आणि त्यातून झोपमोड, कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी, अभ्यासातील घसरण आणि पुढे चिंता व नैराश्य उद्भवू शकते. समोर मिटलेला वाद मुलांना तुलनेने कमी इजा करतो, हेही कमिंग्ज यांच्या अभ्यासातून दिसले आहे. म्हणून मुलींसमोर भांडण झालेच, तर समेटही त्यांच्यासमोरच व्हावा.

याहून खोल जखम दुसऱ्या एका सवयीने होते. दोघांमधला ताण पेलवेनासा झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते, यास कुटुंबोपचारात ‘त्रिकोणीकरण’ म्हणतात. अबोला धरलेल्या आईचा निरोप वडिलांना आणि वडिलांचा आईला पोचवणारी, “तूच सांग, चूक कोणाची?” या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडलेली मुलगी कोणतेही उत्तर दिले तरी एका पालकाची अपराधी ठरते. रात्री आईचे रडणे ऐकून घेणारी, सकाळी वडिलांचा राग चढू नये म्हणून वेळेवर चहा ठेवणारी ही मुलगी प्रत्यक्षात आपल्याच आईबापांचे पालकत्व करत असते, आणि शेजारीपाजारी मात्र ‘किती समजूतदार लेक’ म्हणून तिचे कौतुक करतात. हे कौतुक फार घातक आहे, कारण चिडणाऱ्या मुलाकडे शिक्षकांचे लक्ष जाते, पण समजूतदार मुलीची विचारपूस कोणी करत नाही.

‘लेकीकडे पाहून संसार रेटला’ हे वाक्य आई मायेनेच बोलते, तरी त्यामुळे आईच्या दुःखाचे ऋण मुलीच्या नावे लिहिले जाते. पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात तीव्र कलहाच्या घरांतील मुले, आईवडील वेगळे झाल्यास, तरुणपणी अधिक बरी आढळली. कलह सौम्य असलेल्या घरांत मात्र घटस्फोटानेच मुलांचे नुकसान झाले. तेव्हा कोणत्याही किमतीवर एकत्र राहणे हा मुलीच्या हिताचा सरसकट नियम होऊ शकत नाही. जिथे मारहाण आहे, तिथे तर तो वाद नसून हिंसा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची कोंडी यांनाही हिंसाच मानतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे त्याची तक्रार करता येते.

अशा घरातून सुटण्याचा एकच मान्य रस्ता मुलीला दिसतो, तो लग्नाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते; त्यामागे गरिबी आणि असुरक्षितता आहेच, पण घरातल्या कटकटीला कंटाळून ‘होऊन जाऊ द्या’ म्हणणाऱ्या मुलीही असतात, हे आत्या, मावशी आणि शाळेतल्या बाईंनी ध्यानात घ्यावे आणि अशा मुलीला एकटीला गाठून, सल्ला न देता, आधी तिचे ऐकावे.

आईने आपले दुःख मुलीऐवजी बहिणीजवळ, मैत्रिणीजवळ वा समुपदेशकाजवळ मोकळे करावे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणे जमत नसेल तर ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते, आणि मुलीला स्वतःला मदत हवी असल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. वडिलांना विनंती एवढीच की, कर्जाचे, पिकाचे आणि दोघांमधले जे काही असेल त्यात मुलीचा काही दोष नाही, हे त्यांनी तिला स्वतःच्या तोंडाने आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. ती विचारेल याची वाट पाहू नये.