चाकू बॅगेत गेला म्हणजे सुटलो नाही

विमानतळावर अडला नाही, म्हणजे चाकू परदेशात चालतो, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. चाकू हँडबॅगेत नको, चेक-इन बॅगेत टाकायचा, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण तो नियम विमानापुरता. उतरल्यावर तोच चाकू बॅगेतून खिशात आला की त्या देशाचा कायदा सुरू होतो. आणि पात्याची लांबी किती, एवढंच तो कायदा विचारत नाही.

हे मला कळलं ते लंडनमध्ये, आमच्या दाजींमुळे. दाजींना घडीच्या चाकूंचा भारी शौक. सफरचंद असो की पेरू, फोडी केल्याशिवाय खाणार नाहीत. एका संग्रहालयाच्या दारात बॅगा तपासत होते, तिथे त्यांच्या बॅगेतून चाकू निघाला. पातं जेमतेम अडीच इंचांचं, त्यामुळे दाजी निवांत होते. रखवालदाराने पट्टी वगैरे काही लावली नाही. त्याने पातं उघडलं, खटका बसल्याचा आवाज ऐकला, अंगठ्याने पात्याची पाठ दाबून पाहिली. ते मिटलं नाही. त्याने पोलिसाला बोलावलं.

पोलिसाचा प्रश्न साधा होता: हा जवळ का ठेवलाय? दाजी म्हणाले, ‘सेफ्टीसाठी.’

अनोळखी मुलखात काहीतरी जवळ असावं, ही आपल्याकडची जुनी सवय. रात्रीच्या रेल्वेप्रवासात उशाशी टॉर्च आणि चाकू ठेवणारी पिढी आहे ती. पण ब्रिटनमध्ये याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं, कारण स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगणं हे तिथे सबळ कारण मानलंच जात नाही. उलट, हत्यार म्हणूनच बाळगलाय, अशी आपल्या तोंडची कबुली होते. ताई मध्ये पडली, फळांचा डबा दाखवला, मीही जमेल तसं समजावलं. पोलीस सभ्य होता. नाव-पत्ता लिहून घेतला, चाकू ठेवून घेतला आणि ताकीद देऊन सोडलं. दरवेळी एवढ्यावर निभावेलच असं नाही. या गुन्ह्याला तिथे कमाल शिक्षा चार वर्षं कैदेची आहे.

तिथला कायदा 1988 चा. घडीचा चाकू, पातं तीन इंचांपर्यंत आणि उघडल्यावर अडकून न बसणारं, एवढं जुळलं तर कारण न देता बाळगता येतो. पातं खटक्याने घट्ट बसत असेल, तर ते दीड इंचाचं असलं तरी ही सवलत नाही. मग सबळ कारण सांगायची जबाबदारी आपली. कामाची अवजारं किंवा शिखांचं कृपाण ही कारणं कायद्याला मान्य आहेत. ‘बॅगेत राहून गेला’ हे बहुधा टिकत नाही. आणि बटण दाबताच उघडणारा, आपल्या रामपुरीच्या जातीचा चाकू असेल, तर तो तिथे नेण्याचा विचारही करू नये.

जर्मनीत प्रश्न वेगळा: चाकू एका हाताने उघडतो का, आणि उघडल्यावर अडकतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर विनाकारण बाळगता येत नाही. शिवाय 2024 च्या ऑक्टोबरअखेरीपासून तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि जत्रा-उत्सवांत कुठलाही चाकू हाताशी ठेवायला बंदी आली आहे. नाताळातले बाजार बघायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जपान तर आणखी कडक. सहा सेंटिमीटरहून मोठं पातं योग्य कारणाशिवाय बाळगलं तर, घडीच्या काही चाकूंची थोडी सवलत सोडता, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून छोटा चाकूही विनाकारण लपवून बाळगणं हा किरकोळ का होईना, पण गुन्हा आहे.

मग स्वित्झर्लंडहून सगळे आणतात त्या लाल व्हिक्टोरिनॉक्सचं काय? घ्यावा की, मीही घेतो. मात्र दुकानात एकदा पातं उघडून मिटून बघा. मिटलेला असताना 91 मिलिमीटर लांबीचा नेहमीचा चाकू खटक्याचा नसतो. 111 मिलिमीटरचे मोठे प्रकार बहुतेक खटक्याचे असतात आणि ब्रिटनमध्ये नेमके तेच अडचणीत आणतात. टूरचा क्रम झुरिक, पॅरिस, लंडन असा असेल, तर चाकू खोक्यातून काढूच नका. मोठ्या बॅगेच्या तळाशी, हॉटेलच्या खोलीतच राहू द्या. आयफेल टॉवरच्या तपासणीतही तो आत जाणार नाही. फळं कापायची असतील तर हॉटेलात सुरी मागा, देतात.

आणि परतीचं एक. युरोपातल्या विमानतळांवर सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं हँडबॅगेत चालतं, म्हणून काही जण छोटा चाकू खिशातच ठेवतात. आपल्याकडे हँडबॅगेत कुठलाच चाकू चालत नाही. मुंबईत उतरून पुढे नागपूरच्या विमानात बसायचं असेल, तर सामान पुन्हा जमा करण्याआधी तो मोठ्या बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आठवलं, तर तो तिथेच सोडून द्यावा लागतो.