परसबागेतील सोनचाफा आणि त्याचे शेजारी

फुलांसाठी सोनचाफा एकीकडे आणि भाजीचे वाफे दुसरीकडे, ही विभागणी मुबलक जागा असणाऱ्यांनाच परवडते. शाळेच्या आवारात किंवा एक-दोन गुंठ्यांच्या परसात ती साधत नाही. मग चाफ्याच्या बुंध्यालगतच वाफे खणले जातात आणि काही वर्षांत भरात आलेल्या झाडास उतरती कळा लागते. दोष मात्र मातीला दिला जातो.

वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी सोनचाफ्याची गणना 'मिचेलिया' या प्रजातीत करीत. आता ती 'मॅग्नोलिया' प्रजातीत केली जाते. या वृक्षांची मुळे मांसल असून बरीचशी जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. कुदळीने तुटलेले मूळ सहजासहजी भरून येत नाही. आले, हळद व सुरण यांना विरळ सावली मानवते, म्हणून ती चाफ्याखाली लावण्याचा मोह होतो. परंतु हे कंद काढावयाचे म्हणजे जमीन खणणे आलेच. त्यांची योग्य जागा झाडाच्या घेराबाहेर किंवा मातीने भरलेल्या जुन्या गोणीत. घेराच्या आत पानओवा, पुदिना अशी केवळ खुडून घ्यावयाची झाडे लावावीत व उरलेली जमीन पालापाचोळ्याने झाकावी. पाचोळा खोडास मात्र टेकू देऊ नये.

अळूची गोष्ट निराळी. त्याला सावली चालते, पण ओल फार लागते. चाफ्यास तर साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. कोकणातील पावसात चाफा उंचवट्यावर आणि अळू पाणी वाहून जाते त्या खालच्या कडेला, अशी मांडणी दोघांनाही मानवते.

लागवडीसाठी कलमच निवडावे. बियांच्या रोपास फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात आणि झाड उंच वाढून सारे परस झाकोळते. कलम एक-दोन वर्षांत फुलते व छाटून आटोक्यात ठेवता येते. वसई परिसरातून दादरच्या फूलबाजारात जाणाऱ्या सोनचाफ्याची लागवडही अशाच कलमांवर उभी आहे. जोडाच्या खाली फुटणारे धुमारे वेळीच काढावेत. पहिल्या दोन वर्षांत कलमांमधील मोकळ्या जागेत चवळी घेता येते, मात्र तिचे वेल कलमावर चढू देऊ नयेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने वांगी, मिरची यांचे वाफे झाडाच्या दक्षिणेस करावेत.

चाफ्याच्या फांद्यांवर खवले कीड आल्यास बाधित फांद्या छाटाव्यात व उरलेल्या भागावर साबणाचे सौम्य पाणी फवारावे. खालचा पुदिना स्वयंपाकघरात जाणार असल्याने विषारी औषध येथे वापरता येत नाही.