तापातली आकडी: कोणते औषध कशासाठी?

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. डोळे फिरतात, अंग ताठ होते, हातपाय झटकू लागतात. मूल हातचे गेले असेच पाहणाऱ्याला वाटते. यांतल्या बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. तरी आईवडिलांना पुढे प्रत्येक तापाची धास्ती बसते, आणि ती अगदीच निराधार नाही. साधारण तिघांपैकी एका मुलाला आकडी पुन्हा येते. पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली असेल, आईवडिलांना किंवा भावंडाला लहानपणी आली असेल किंवा ताप फारसा चढलेला नसताना आली असेल, तर शक्यता वाढते.

माझ्या बहिणीच्या घरी या धास्तीने वेगळेच संकट ओढवले असते. मुलाचे अंग जरा कढत लागले की पॅरासिटामॉल, दोन तासांनी पुन्हा तेच. त्यात १२५ मिलिग्रॅमची बाटली संपली म्हणून दुप्पट तीव्रतेची २५० ची आली आणि माप मात्र जुनेच राहिले. बालरोगतज्ज्ञांनी बाटली दाखवायला सांगितली, तेव्हा ते उघडकीला आले. मूल बचावले, पण जास्तीचे पॅरासिटामॉल यकृत निकामी करू शकते.

आणि हा सारा आटापिटा ज्यासाठी, ते या औषधाने साधत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, मुलाला आराम पडतो. आकडी टळत नाही. कित्येकदा तर ताप आहे हे कळण्याआधीच आकडी आलेली असते. म्हणून आकडीच्या भीतीने जास्तीचे औषध न देता डोस वजनावरूनच द्यावा: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर. बाटली बदलली की माप डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

मग आकडीचे औषध रोजच द्यावे का? एके काळी फेनोबार्बिटॉन सर्रास देत. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक दोन वर्षांनंतर सरासरी आठ गुणांनी कमी भरला. व्हॅल्प्रोएटने आकड्या कमी होतात, पण दोन वर्षांखालच्या मुलांत यकृताला गंभीर धोका असतो. साध्या आकडीसाठी रोजचे औषध नको आणि तापापुरतेही नको, असे अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २००८ मध्ये सांगितले.

आपल्याकडे वारंवार आकडी येणाऱ्या मुलांना काही डॉक्टर तापाचे पहिले दोन-तीन दिवस क्लोबाझाम देतात. त्याने आकडीची शक्यता घटते, पण मूल पेंगते, चालताना झोकांड्या खाते. मेंदूज्वराची गुंगी आणि औषधाची गुंगी यांत गल्लत होऊ शकते. ज्यांच्या आकड्या लांबतात किंवा ज्यांचे घर दवाखान्यापासून दूर आहे, त्यांच्यासाठी हा विचार रास्त वाटतो. औषध कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

घरात ठेवण्याजोगे खरे औषध म्हणजे मिडॅझोलमचा नाकात मारायचा फवारा. तो आकडी टाळण्यासाठी नाही, पाच मिनिटांत न थांबलेली आकडी थांबवण्यासाठी आहे. एका फवाऱ्यात किती औषध असते हे कंपनीनुसार बदलते. आपल्या मुलाला किती फवारे, हे डब्यावर लिहून ठेवावे.

आकडी सुरू होताच घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पहिलीच आकडी असेल, पाच मिनिटांपुढे गेली, एकाच बाजूला आली, दिवसात दुसऱ्यांदा आली, मान ताठ वाटली किंवा मूल नंतरही शुद्धीवर येईना, तर थेट रुग्णालय गाठावे. पाळणाघरातल्या ताईंना आणि आजी-आजोबांना हे आधीच समजावून द्यावे, फवारा कुठे ठेवला आहे त्यासकट.